जुन्या मोटारीची ठिणगी

दिल्लीची थंडी ओसरू लागली, की एखाद्या रविवारी सकाळी राजधानीच्या रस्त्यांवरून मोठी मौजेची मिरवणूक जाते. पितळी दिव्यांच्या, लाकडी आऱ्यांच्या, कापडी छपरांच्या जुन्या मोटारी एकामागून एक येत असतात आणि कडेला मुलांना खांद्यावर घेऊन माणसे उभी असतात. 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या मोटारींची फेरी सुरू केली, तेव्हापासून दिल्लीला या सोहळ्याची ओळख आहे. बघणाऱ्यांचे डोळे रंगावर आणि चकाकीवर खिळलेले असतात. मालकाचे तिकडे लक्ष नसते. त्याचा सारा जीव कानांत गोळा झालेला असतो. इंजिनाचा एक ठोका चुकला, की त्याच्या काळजाचाही चुकतो.

असे एक मालक माझ्या निकटच्या परिचयाचे आहेत. मूळचे सांगलीकडचे, आता नोएडात स्थायिक झालेले हे माझे स्नेही १९५८ सालची एमजीए ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार बाळगून आहेत. इंग्लंडात ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून थोड्या अधिक मोटारी तयार झाल्या. मोटार अंगाने सुरेख, पण इतकी बुटकी, की तीत शिरताना माणसाला आपले वय कळते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांखाली अशी मोटार मूळ स्वरूपात राखावी लागते, आणि प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन वा दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे नियमाची बाजू घेण्याची मला खोड आहे. तरीही वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतक्या सकाळी वाट्याला येत असताना त्यांतली एक ठिणगीपायी फुकट जावी, यातले दुःख मला कळते.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत नेमके तेच घडले. उभी असताना मोटार शांतपणे गुरगुरत राही. पण वेग घेण्यासाठी पाय दाबला, की ती खोकू लागे, ठेचाळे आणि कधी एकाएकी बंद पडे. यमुनेच्या पुलावर ती तशी बंद पडली आणि फेरी आमच्याविना पार पडली. त्यानंतर स्नेह्यांनी जे केले, ते बहुतेक जण करतात. नवे प्लग आले, नव्या तारा आल्या, नवी कॉइल आली. शेवटी परदेशातून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच मागवला आणि एका कारखान्यात बसवून घेतला. "आता साठ-सत्तर वर्षांचा रोग मुळासकट गेला म्हणून समजा," असे त्यांनी मला फोनवर सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याच पुलावर मोटार पुन्हा खोकली.

हा पैसा व्यर्थ का गेला, हे समजण्यासाठी ठिणगीचा जन्म कसा होतो ते पाहिले पाहिजे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरात दाबले गेले, की प्लगच्या दोन टोकांमधील अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी फट ओलांडून ठिणगीने त्याला पेटवावयाचे असते. दाबलेल्या वायूतून एवढी उडी मारण्यास हजारो व्होल्टचा दाब लागतो, आणि मोटारीतील बॅटरी असते बारा व्होल्टची. जुन्या काळी यावर मॅग्नेटोचा तोडगा होता. फिरत्या चुंबकापासून आपली वीज आपणच निर्माण करणारे हे यंत्र जर्मनीतील बॉश यांच्या कारखान्याने नावारूपास आणले. पुढे अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी आणि कॉइल यांची जोडी जमवली; १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारीत ती प्रथम आली आणि पुढची साठ-पासष्ट वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी तिच्यावरच चालल्या.

कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेली दोन वेटोळी. एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो वेढ्यांचे. जाड वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहू लागला, की गाभा चुंबक बनतो. हा प्रवाह एकदम तोडला, की चुंबकत्व क्षणात ओसरते आणि त्या धक्क्याने बारीक वेटोळ्यात वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंत दाब उसळू शकतो. वाहत्या नळाची तोटी झटकन बंद केली, की नळ धडधडतो, तसेच काहीसे हे आहे. सारी मदार आहे ती 'एकदम तोडण्या'वर. ते काम डिस्ट्रिब्यूटरमधील दोन चिमुकले पॉइंट करतात. मधला दांडा फिरतो, त्याच्यावरील उंचवटा पॉइंटांना दूर सारतो, आणि फट पडते ती उण्यापुऱ्या ०.४ मिलिमीटरची, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी. त्या फटीतून प्रवाहाने चोरून उडी मारू नये, म्हणून शेजारी कंडेन्सर बसवलेला असतो. वर फिरणारा रोटर हा पंगतीतला वाढपी. कॉइलकडून आलेला दाब तो एक, तीन, चार, दोन या क्रमाने प्रत्येक प्लगच्या पानावर वाढत जातो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हा सारा खेळ सेकंदाला शंभर वेळा होतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या गोष्टीत तिला महत्त्व आहे. इंजिनाचा वेग व भार बदलेल तशी ठिणगी थोडी आधी वा थोडी उशिरा पडावी लागते. वेगाचा हिशेब डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातील दोन वजने ठेवतात. भाराचा हिशेब ठेवण्यासाठी कार्बुरेटरकडून एक बारीक नळी येते. तिच्यातील हवेच्या ओढीने पॉइंट ज्या तबकडीवर बसवलेले असतात ती तबकडीच किंचित फिरते. ती सतत हलती असल्यामुळे तिचे अर्थिंग पक्के राहावे म्हणून एक वीतभरही नसलेली लवचीक तार तिला डिस्ट्रिब्यूटरच्या अंगाशी जोडते.

इलेक्ट्रॉनिक संच बसवताना नेमके काय बदलले जाते? पॉइंट आणि कंडेन्सर, एवढेच. त्यांच्या जागी एक संवेदक येतो. चुंबकाचे क्षेत्र विजेच्या वाहकावर कसा परिणाम करते, हे एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली दाखवले होते. या संवेदकांपैकी अनेकांत तेच तत्त्व वापरलेले असते. रोटरखाली बसवलेल्या चकतीतील चुंबक जवळून गेला, की संच प्रवाह तोडतो. झिजायला काही नाही, फट मोजायला नको. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा आपल्या बुशात झिजून डुलू लागला असेल, तर पॉइंटांची फट दर फेऱ्याला कमीजास्त होते. संवेदक हे डुलणे पुष्कळसे सोसून घेतो. हे लाभ खरे आहेत. परंतु कॉइल, झाकण, रोटर, प्लगच्या तारा, वजने, हवेच्या ओढीची नळी आणि ती चिमुकली अर्थिंगची तार ही सारी मंडळी होती तशीच राहतात. त्यांपैकी कोणी फितूर असेल, तर नवा सरदार नेमून गड राखला जात नाही.

शेवटी आम्ही कश्मीरी गेटच्या मोटार-सामानाच्या बाजारातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांची हयात ॲम्बॅसिडर दुरुस्त करण्यात गेली होती. स्पोर्ट्स मोटारीसाठी ॲम्बॅसिडरचा मिस्त्री का, असे कोणी विचारील. पण १९५९ नंतर ॲम्बॅसिडरला जे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन लाभले, ते आणि या एमजीएचे इंजिन एकाच ब्रिटिश घराण्यातले, बी-सिरीजमधले आहे. डिस्ट्रिब्यूटर एमजीएचा लुकासचा. आणि लुकासच्याच वाणाचे विजेचे सामान १९६१ साली स्थापन झालेली लुकास-टीव्हीएस कंपनी मद्रासकडे बनवू लागली. उत्तरपाड्याचा ॲम्बॅसिडरचा कारखाना २०१४ साली थंडावला; माझ्या नोकरीची पहिली वर्षे त्या पांढऱ्या मोटारीच्या मागच्या आसनावर गेली, तेव्हा तिच्या पुढच्या भागात एका इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीचे भावंड धडधडते आहे, याची मला कल्पनाही नव्हती.

मिस्त्रींनी प्रथम एकच प्रश्न विचारला, "मोटार मरते कशी? गचके खात, की दिवा मालवल्यासारखी?" पेट्रोल कमी पडले, तर इंजिन आचके देत देत जाते, ठिणगी गेली, तर तत्क्षणी जाते. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ नळीत अडकूनही मोटार थांबते, आणि पुष्कळ लोक त्यासाठी उगाच कॉइल बदलतात. आमचे उत्तर ऐकून त्यांनी इलेक्ट्रॉनिक संच काढून बाजूला ठेवला आणि जुने पॉइंट परत बसवले. कारण उघड होते. पॉइंटांची उघडझाप डोळ्यांना दिसते, बंद डबीतला संवेदक काही सांगत नाही. शिवाय कॉइलची मुख्य तार उपसून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरण्याची जी जुनी परीक्षा आहे, ती अशा संचावर करू नये. तो त्यात जळू शकतो. पॉइंट असताना मात्र ती परीक्षा नामी. निळी, चटचटणारी ठिणगी पडली, तर कॉइलपर्यंत सारे ठीक. पिवळी आणि मलूल पडली, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. हल्ली नव्या वेष्टनात मिळणारे काही कंडेन्सर थंड असताना चालतात आणि तापल्यावर दगा देतात, हेही त्यांनी जाता जाता सांगितले.

मग त्यांनी बारा व्होल्टचा एक लहानसा दिवा काढला. त्याची एक तार कॉइलपासून पॉइंटांकडे जाणाऱ्या खिळीला लावली, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. पॉइंट उघडे असले, की दिवा लागला पाहिजे. मिटले, की प्रवाहाला सोपी वाट मिळून तो विझला पाहिजे. कधीच लागत नसेल, तर वीज तिथवर पोचतच नाही किंवा वाटेतच लोखंडाला भिडते आहे. कधीच विझत नसेल, तर पॉइंट मळले आहेत किंवा त्यांचे अर्थिंग तुटले आहे. आमचा दिवा मात्र शहाण्या मुलासारखा वेळच्या वेळी लागत होता आणि विझत होता. स्नेह्यांनी माझ्याकडे पाहिले. मिस्त्रींनी पॉइंट मिटलेले ठेवले, कार्बुरेटरकडून येणारी ती बारीक नळी सोडवली, तिचे टोक तोंडात धरले आणि श्वास ओढला. तबकडी किंचित फिरली आणि विझलेला दिवा भक्कन पेटला. श्वास सोडताच तो विझला.

"साहेब, इंजिन जी हवा ओढतं, ती मी तोंडानं ओढली," ते म्हणाले.

दोष त्या अर्थिंगच्या तारेत होता. कापडी वेष्टन वरून धडधाकट. आतले तांब्याचे पदर मात्र वर्षानुवर्षे वाकून तुटलेले. तबकडी जागेवर असताना तुटकी टोके एकमेकांना टेकत, ती फिरली की दुरावत. म्हणून उभी मोटार निरोगी आणि पाय दाबला की आजारी. इलेक्ट्रॉनिक संचही त्याच तबकडीवर बसलेला होता आणि त्याचे अर्थिंग त्याच तारेतून जात होते. मग त्याने वेगळे काय करावे? मिस्त्रींनी ॲम्बॅसिडरच्या एका मोडक्या डिस्ट्रिब्यूटरमधून तशीच तार काढली, तपासली आणि डाख देऊन बसवली. कॉइल, प्लग, तारा आणि संच यांवर खर्च झालेल्या रकमेच्या शेजारी या तारेची किंमत लिहिण्याची सोय नाही.

इतके झाल्यावर संच टाकून द्यावा काय? माझे मत तसे नाही. दोष शोधल्यावर तो जरूर बसवावा, पण काही पथ्ये पाळून. एमजीएसारख्या त्या काळच्या इंग्रजी मोटारींत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असते, आजच्या मोटारींत ऋण टोक; उलट्या जातीचा संच जोडला, तर तो बहुधा त्याच क्षणी निकामी होतो. कॉइलचा रोध संचाला मानवणारा हवा. बारा व्होल्टच्या साध्या कॉइलच्या मूळ वेटोळ्याचा तो तीन ओहमच्या आसपास असतो, आणि दीड ओहमची कॉइल भलत्या जागी जोडली, तर प्रवाह दुपटीने वाहतो. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून गप्पा मारीत बसू नये. जूनमध्ये दिल्लीचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कॉइल आणि संच दोघेही अशा गप्पांची किंमत वसूल करतात. जानेवारीच्या धुक्यात उलट तऱ्हा. झाकणाच्या आत दव साचते, वीज त्या ओलीवरून वाट काढते आणि कोळशाची बारीक रेघ उमटते. कोरड्या फडक्याने झाकण पुसावे. रेघ उमटली असेल, तर ते बदलावे. अंधारात इंजिन चालू करून पाहिले, तर गळक्या तारांवर निळसर चमक डोळ्यांना दिसते. एवढी स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

मूळ स्वरूपाचा आग्रह धरणारे रसिक या संचाकडे नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. चेसी कापणे, इंजिन बदलणे हा अपराध खराच. पण झाकणाखाली लपणारी आणि अर्ध्या तासात पूर्ववत करता येणारी सुधारणा त्या पंक्तीस बसवू नये. अट एकच, जुने सामान फेकू नये.

स्नेह्यांनी ते फेकले नाही. नव्या तारेनिशी संच पुन्हा बसवला, आणि पॉइंट, कंडेन्सर, फीलर गेज व तो लहानसा दिवा एका बिस्किटांच्या डब्यात घालून आसनामागे, दोन सहा-व्होल्टी बॅटऱ्यांच्या झाकणावर ठेवला. पुढच्या फेरीत त्यांची मोटार एकदाही खोकली नाही. आमच्यापुढची एक जुनी ॲम्बॅसिडर मात्र ऊन चढल्यावर दिवा मालवल्यासारखी बंद पडली. स्नेह्यांनी उतरून तिची कॉइलची तार उपसली, लोखंडाजवळ धरली, पिवळी ठिणगी पाहिली आणि मला हाक मारली, "अहो, तो डबा आणा."