गीतचित्राची आखणी व चित्रण : वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी एक उपक्रम

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली लोकांपुढे आणला, हे आपण विद्यार्थ्यांस शिकवितोच. त्यापूर्वी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यापुढे कॅमेरा मांडला व रोपाची वाढ थोड्याथोड्या अंतराने टिपली, ही गोष्ट मात्र वर्गात क्वचितच सांगितली जाते. ती चित्रे सलग दाखविली तेव्हा दाणा फुटून त्याचे रोप डोळ्यांदेखत उभे राहिले, आणि ते पाहूनच फाळक्यांस चित्रपटासाठी कर्ज देण्यास सावकाराचे मन वळले. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव काड्यांस हलते केले. वस्तू किंचित हलवावयाची, चित्र घ्यावयाचे, पुन्हा हलवावयाची, पुन्हा चित्र घ्यावयाचे, एवढीच या विद्येची किल्ली होय. आज तिला ‘स्टॉप मोशन’ म्हणतात. तिला गाण्याची जोड दिली म्हणजे गीतचित्र तयार होते.

हा उपक्रम शिक्षकाच्या एका मोबाइल फोनवर होऊ शकतो. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारख्या विनामूल्य मिळणाऱ्या ॲपमध्ये आधीच्या चित्राची पुसट छाया पडद्यावर दिसते. त्यामुळे वस्तू किती सरकली हे मुलांस नेमके कळते. अडचण यंत्राची नसते, आखणीची असते, म्हणून या लेखात आखणीसच अधिक जागा दिली आहे.

पहिली चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी मुलांकडून आधी चित्रण करून घेतले व गाणे मागाहून म्हणवून घेतले. तीन दिवसांचे काम होते. गाणे जोडून पाहिले तेव्हा होडी किनाऱ्यास लागून गेली होती आणि मुले अद्याप ती समुद्रात लोटण्याचे कडवे म्हणत होती. मुले हसली, परंतु ज्या मुलांनी होडी हलविली होती ती हसली नाहीत. तेव्हापासून माझा नियम असा, की गाणे आधी ध्वनिमुद्रित करावे, मोजावे, आणि मगच कागदास हात लावावा.

गाणे चित्रपटातील घेऊ नये. ते दुसऱ्याच्या मालकीचे असते, आणि सार्वजनिक ठिकाणी प्रसृत केल्यास हक्काचा प्रश्न उपस्थित होतो. त्याहून मोठे कारण असे की, त्या गाण्यात मुलांचे स्वतःचे काही नसते. वरोरसारख्या किनाऱ्यावरील गावी मच्छीमारांची, वाडीत काम करणाऱ्यांची आणि वारली पाड्यांवरील मुले एकाच वर्गात बसू शकतात. घरी कोणी मांगेली बोलतो, कोणी वारली, आणि पुस्तकाची मराठी तिघांसही थोडी परकीच असते. अशा वर्गाने स्वतःचे चार ओळींचे ध्रुपद व दोन कडवी रचावी. बाप पहाटे होडी घेऊन गेला, जाळे टाकले, बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत पडले, एवढा विषय पुरेसा आहे. एक कडवे घरच्या बोलीत असू द्यावे. शुद्धलेखनाचा लाल पेन त्या दिवशी खिशातच ठेवावा.

आता हिशेब पाहू. चित्रपटात एका सेकंदास २४ चित्रे धावतात. मुलांच्या कामास १२ पुरतात. गाण्याची गती मिनिटास ९० मात्रा ठेवली, तर ६० भागिले ९०, म्हणजे दोन तृतीयांश सेकंदाची एक मात्रा होते, आणि तीत बरोबर ८ चित्रे बसतात. मिनिटास १०० मात्रांची गती धरल्यास एका मात्रेस ७.२ चित्रे येतात व सर्व तक्ता अपूर्णांकांत बुडतो. म्हणून ६०, ७२, ८०, ९० किंवा १२० यांपैकीच गती निवडावी; त्यांस अनुक्रमे १२, १०, ९, ८ व ६ चित्रे येतात. भागाकाराचा इतका हौशीने केलेला स्वाध्याय मी दुसऱ्या कोणत्याही तासाला पाहिलेला नाही.

आठ मात्रांचे एक आवर्तन धरावे. आरंभी नुसत्या वाद्याचे एक आवर्तन, तीन वेळा येणारे ध्रुपद प्रत्येकी दोन आवर्तनांचे, आणि दोन कडवी प्रत्येकी दोन आवर्तनांची, अशी एकूण ११ आवर्तने म्हणजे ८८ मात्रा होतात. त्यांची ७०४ चित्रे, आणि वेळ सुमारे ५९ सेकंद. ध्रुपदाचे चित्रण एकदाच करून तीन ठिकाणी जोडावे, म्हणजे २५६ चित्रे वाचतात व ४४८ उरतात. सरावलेल्या गटास एका चित्रास वीस सेकंद लागतात असे धरले, तर हे काम अडीच तासांचे आहे. मांडामांड, चुका व हसणे धरून पस्तीस मिनिटांच्या दहा तासिका राखून ठेवाव्यात.

ध्वनिमुद्रण सकाळी, वारा पडलेला असताना करावे. समुद्राचा वारा फोनच्या ध्वनिग्राहकावर आदळला की गाण्याऐवजी घरघर ऐकू येते. रिकामी खोली आवाज परतविते, तेव्हा भिंतीशी दोन-चार घोंगड्या टांगाव्यात. मुले रंगात आली की गती वाढवितात. ९० वर आरंभून ती ९५ वर गेली, तर तेच गाणे सुमारे ५६ सेकंदांत संपते आणि तीन सेकंदांची, म्हणजे ३६ चित्रांची तूट पडते. यास्तव ढोलकी धरणाऱ्या एकाच मुलाच्या कानात तालयंत्राचा ठोका द्यावा, इतरांनी त्याच्याकडे पाहून म्हणावे. ध्वनिमुद्रण झाल्यावरही प्रत्येक आवर्तन घड्याळ लावून तपासावे.

यानंतर तक्ता. चार रकाने आखावेत : मात्रा, शब्द, चित्र क्रमांक, हालचाल. मात्रेचा क्रमांक एकाने कमी करून आठाने गुणावा व एक मिळवावा, म्हणजे ती मात्रा कोणत्या चित्रावर सुरू होते हे मिळते. सतराव्या मात्रेवर सर्वांनी ‘हो’ म्हणून आरोळी दिली असेल, तर होडीने १२९ व्या चित्राशी लाटेवर उसळले पाहिजे. अनुभव असा की, उसळी एक चित्र आधी आली तर डोळ्यास बरोबर वाटते, एक चित्र उशिरा आली तर खटकते.

हालचालीचे मापही तक्त्यातच लिहावे. दोन फुटांचा समुद्र होडीने चार मात्रांत ओलांडावयाचा, म्हणजे ३२ चित्रांत २४ इंच. सरासरी पाऊण इंच. परंतु खरी होडी एकदम वेग घेत नाही. म्हणून आरंभीची व अखेरची काही पावले पाव इंचाची ठेवून मधली मोठी करावीत.

आकृती कशाच्या कराव्यात, याचे उत्तर डहाणू-तलासरीच्या शिक्षकास शोधावे लागू नये. दोन त्रिकोण टोकाशी टोक जोडून केलेला वारली माणूस जणू या कामासाठीच घडला आहे. पुठ्ठ्याचे त्रिकोण, काडीचे हातपाय व सांध्यास दोऱ्याची गाठ, एवढ्यावर तो नाचतो. गेरूच्या रंगाचा कागद खाली पसरून त्यावर पांढऱ्या आकृती ठेवाव्यात. तारपा नृत्याचे वेटोळे आठ चित्रांच्या फेऱ्यात बसविले, तर तीच आठ चित्रे पुन्हापुन्हा जोडता येतात. गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११, निधन २०१८) यांच्या चित्रांचे नमुने मुलांस आधी दाखवावेत. मात्र एक पथ्य पाळावे. लग्नातील चौक व त्यातील पालघाट देवी ही पूजेची वस्तू आहे. पाड्यावरील वडीलधाऱ्यांस विचारल्यावाचून ती नाचवू नये. किनाऱ्यावरील शिंपल्या, जाळ्याचा तुकडा, सुरूच्या काटक्या याही उत्तम चालतात.

चित्रणाच्या वेळी फोन हलता कामा नये. दोन बाकांवर फळी टाकून तिच्या कडेशी तो खाली तोंड करून दोरीने घट्ट बांधावा. स्पर्शाने धक्का बसतो, म्हणून इयरफोनच्या बटणाने चित्र घेता येत असल्यास तसे घ्यावे. फोन विमान-अवस्थेत ठेवावा, नाही तर ऐन कडव्यात मुख्याध्यापकांचा फोन येतो. पडद्यावर बोट दाबून धरून प्रकाश व नेम स्थिर करावा. खिडकीचे ऊन वापरू नये; ढग आला की समुद्र काळवंडतो आणि तासाभरात सावली दुसरीकडे जाते. खिडक्या झाकून दोन दिवे दोन्ही बाजूंनी लावावेत. विजेचा दिवा सेकंदास शंभर वेळा लुकलुकतो, त्यामुळे काही दिव्यांखाली चित्रावर पट्टे उमटतात. तसे झाल्यास दिवा बदलून पाहावा. पंखा बंद करावा. जवळ बसणाऱ्यांनी गडद कपडे घालावेत, पांढऱ्या सदऱ्याची झळक कागदावर पडते.

कामाची वाटणी हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हलविणारे दोघे, चित्र घेणारा एक, आणि तक्ता वाचून क्रमांक पुकारणारा एक, असा चौघांचा गट असावा व प्रत्येक आवर्तनानंतर जागा बदलाव्यात. एका शाळेत पाचवीची एक मुलगी वर्षभर वर्गात बोलली नव्हती. क्रमांक पुकारण्याची पाळी तिच्यावर आली तेव्हा बाईंस वाटले, हिला वगळावे. वगळले नाही. पहिले आवर्तन तिने ओठांत पुटपुटत म्हटले. हलविणाऱ्यांस ऐकू जाईना, ते थांबून राहिले. काम अडले आहे ते आपल्यामुळे, हे तिच्या ध्यानी आले आणि ‘एकशे सदतीस’ हा आकडा दाराबाहेर ऐकू गेला. गाणे म्हणण्यास ती उभी राहिली नाही, ती गोष्ट निराळी.

याउलट असेही गीतचित्र मी पाहिले आहे, जे गुरुजींनी रात्री एकट्याने बसून पुरे केले व स्पर्धेसाठी मुलांच्या नावे पाठविले. चित्र सफाईदार होते. त्यातील होडी कशी हलली, हे त्या वर्गातील एकाही मुलास सांगता आले नाही. वाकडी होडी चालेल. परंतु ती मुलांनी हलविलेली असावी.

पुरे झालेले चित्र प्रथम पालकसभेत दाखवावे. मुलांचे चेहरे, नावे अगर आवाज बाहेर प्रसृत करावयाचे असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी. ज्या आजीने जुनी चाल शिकविली असेल, तिचीही घ्यावी. मूळ चित्रांची एक नक्कल फोनबाहेर ठेवावी. तक्ता शाळेच्या दप्तरी लावून ठेवावा, पुढील वर्षीच्या मुलांस ८८ मात्रांचे नवे गाणे त्याच रकान्यांत बसविता येते.