कल्पनेतल्या माणसांचा चरित्रकोश

ड्रिझ्टचा जन्म टेलिफोनवर झाला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रकाशित करणाऱ्या टीएसआर कंपनीतल्या संपादक मेरी किर्चॉफ बैठकीला निघाल्या होत्या आणि आर. ए. साल्व्हाटोर या नवख्या लेखकाकडून त्यांना एक उत्तर तातडीनं हवं होतं. कादंबरीचा नायक वुल्फगार, तर त्याचा जोडीदार कोण? आधी योजलेलं पात्र दुसऱ्या लेखकाच्या पुस्तकातलं असल्यानं बाद झालं होतं. साल्व्हाटोर यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं की जोडीदार ‘ड्राउ’ असेल, म्हणजे भुयारी राज्यांत राहणाऱ्या, क्रूर म्हणून बदनाम असलेल्या एल्फ जमातीतला. नावही तेव्हाच सुचलं, पण त्याचं स्पेलिंग त्यांना स्वतःलाच सांगता येईना. १९८८ साली ‘द क्रिस्टल शार्ड’ ही कादंबरी आली आणि जोडीला आणलेला ड्रिझ्ट डोउर्डेन नायकाला मागे टाकून पुढे निघून गेला.

हाच ड्रिझ्ट १२९७ सालीही जन्मला. मेन्झोबेरान्झन या भुयारी नगरात, एका सरदार घराण्यात, तिथल्या ‘डेल’ कालगणनेनुसार. दोन्ही जन्म खरे आहेत, दोन्हींना पुरावा आहे, आणि एकाच्या जागी दुसरा घातला की चरित्र बिघडतं. ड्रिझ्टच्या जगाचं नाव ‘फॉरगॉटन रेल्म्स’; तिथल्या अशा हजारो पात्रांची चरित्रं न बिघडता लिहिण्याचं काम ‘फॉरगॉटन रेल्म्स विकी’ हा कोश करतो. काम करणारे वाचक आणि खेळाडू आहेत, आणि त्यांना त्याचा पगार मिळत नाही. या कामाला मी छंद म्हणत नाही, कोशकार्य म्हणतो. तसं का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार उघडतो’, ‘मी त्याच्याशी बोलून बघते’ असं म्हणत गोष्ट पुढे नेतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासा टाकायचा. मुख्य फासा वीस पैलूंचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडूपुढे एक कागद असतो, कॅरेक्टर शीट. त्यावर पात्राचं नाव, वंश, वर्ग (म्हणजे योद्धा, जादूगार, चोर वगैरे), पातळी, बळ, चपळाई, जवळच्या वस्तू. पात्राचा पहिला दस्तऐवज हाच, आणि तो पेन्सिलनं लिहिलेला असतो, कारण दर खेळाला त्यात खाडाखोड होते.

या कागदांतून काय काय निपजलं ते पाहण्यासारखं आहे. गायगॅक्स यांचा मुलगा ल्यूक याच्या कागदावर पुरुष या अर्थी ‘एम’ आणि त्यापुढे वंश ‘एल्फ’ असं होतं. दोन्ही जोडून वाचलं आणि पात्राचं नाव ‘मेल्फ’ झालं. थोरला मुलगा अर्नी. त्याच्या अर्नेस्ट या नावातली इंग्रजी अक्षरं फिरवली की ‘टेन्सर’. जिम वॉर्ड हे नाव उलटं वाचलं की ‘ड्रॉमिज’. ही नावं पुढे खेळातल्या मंत्रांना दिली गेली, आणि जगभरची मुलं मेल्फचा आम्लबाण सोडू लागली, मेल्फ कोण हे ठाऊक नसताना. पुढे २००० साली खेळाचे मूळ नियम मुक्त परवान्याखाली खुले झाले, तेव्हा ही विशेषनामं त्यातून वगळली गेली आणि बाणाचं नाव नुसतं ‘आम्लबाण’ उरलं. म्हणजे एकाच मंत्राची दोन नावं रूढ झाली. कोणत्याही नावानं शोधलं तरी वाचक एकाच पानावर यावा, यासाठी विकीत ‘पुनर्निर्देशन’ असतं. दिसायला क्षुल्लक सोय, पण ती करणाऱ्याला हा सगळा इतिहास माहीत असावा लागतो.

याच खेळाच्या ‘ड्रॅगनलान्स’ या दुसऱ्या जगातला रेस्टलिन हा आजारी, कडवट जादूगार आठवावा. त्याचा तो घोगरा, कुजबुजता आवाज लेखकांच्या टेबलावर आलेला नव्हता. चाचणीचा खेळ चालू असताना टेरी फिलिप्स या खेळाडूनं त्याच्या तोंडचं वाक्य तशा आवाजात म्हटलं आणि मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांना त्यांचा रेस्टलिन सापडला. १९८४ साली तो छापून आला. आता याची नोंद कुठे करायची? रेस्टलिनच्या आयुष्यात फिलिप्स नावाचा कुणी नाही. म्हणून चांगल्या विकीवर पात्राच्या पानाचे दोन भाग असतात: वरचा मोठा भाग त्या जगाच्या आतून लिहिलेला, आणि खाली, स्पष्ट वेगळा काढलेला, आपल्या जगातून लिहिलेला. लेखक कोण, पहिलं दर्शन कुठल्या पुस्तकात, चित्र कुणी काढलं, आवाज कुठून आला. हा उंबरठा पाळणं ही या कामातली पहिली शिस्त.

छापील कोश आधीही निघाले होते. १९८० साली ‘द रोग्ज गॅलरी’त गायगॅक्स आणि मित्रमंडळींच्या पात्रांचे आकडे आले, फॉरगॉटन रेल्म्ससाठी १९८९ मध्ये ‘हॉल ऑफ हीरोज’ आणि १९९६ मध्ये ‘हीरोज लोरबुक’. पुस्तकं देखणी, पण छापलं की गोठलं. पुढची कादंबरी आली की जुना मजकूर अपुरा. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी कुणीही संपादन करू शकेल असं पहिलं विकी संकेतस्थळ चालू केलं, होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसचं नाव त्याला दिलं, आणि कोशाला जिवंत राहता येऊ लागलं. आज बहुतेक मोठे विकी ‘मीडियाविकी’ या सॉफ्टवेअरवर चालतात. मराठी विकिपीडियाही त्यावरच चालतो, त्यामुळे तिथे कधी संपादन केलेल्या कुणालाही ड्रिझ्टच्या पानाचं यंत्र अनोळखी वाटणार नाही: तोच साचा, तेच वर्ग, तीच चर्चापानं, प्रत्येक बदलाचा तोच इतिहास. आपल्या मंडळींनी सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’, सगळ्यांच्या चर्चेच्या जागेला ‘चावडी’ आणि आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामला ‘सांगकाम्या’ ही नावं दिली. इतकी नेमकी नावं इंग्रजीतही नाहीत, असं माझं मत आहे.

फॉरगॉटन रेल्म्सच्या कोशाला एक नैसर्गिक अडचण आहे: हे जग फार जुनं आहे आणि फार हातांनी लिहिलेलं आहे. एड ग्रीनवुड या कॅनडातल्या मुलानं १९६७च्या सुमारास त्याच्या गोष्टी लिहायला सुरुवात केली, तेव्हा हा खेळच अस्तित्वात नव्हता. पुढे ते ग्रंथपाल झाले. १९७९च्या ऑक्टोबरपासून ‘ड्रॅगन’ मासिकात त्यांचे लेख येऊ लागले, १९८७ मध्ये टीएसआरनं त्यांचं जग पेटीबंद संच म्हणून प्रसिद्ध केलं. १९९७ मध्ये टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली. दरम्यान नियमांच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या आणि प्रत्येक आवृत्तीनं त्या जगाचा ‘आज’ पुढे ढकलला. १९८७च्या संचात डेल सन १३५७ चालू आहे, तिसऱ्या आवृत्तीत १३७२, आणि चौथीनं एकदम शंभरेक वर्षांची उडी मारून १४७९ गाठलं. मग ‘महाजादूगार एल्मिन्स्टर शॅडोडेल गावात राहतो’ असं वाक्य लिहायचं कसं? राहतो म्हणजे कोणत्या साली?

या विकीनं काढलेला तोडगा मला फार आवडतो: सगळं भूतकाळात लिहायचं. सगळ्या पात्रांबद्दल, शहरांबद्दल, अगदी चालू असलेल्या गोष्टींबद्दलही. ‘राहत असे’, ‘राज्य करत होता’. पहिल्यांदा वाचताना जरा दचकायला होतं, जिवंत माणसाची आठवण काढल्यासारखं वाटतं. पण पाच-सहा पानं वाचली की कळतं, हा त्या जगाबाहेर उभ्या असलेल्या इतिहासकाराचा आवाज आहे. उद्या नवी आवृत्ती आली तरी जुनं वाक्य खोटं ठरत नाही. त्यात फक्त भर पडते.

दुसरी शिस्त संदर्भाची. खऱ्या माणसाचं चरित्र लिहिताना एखादा संदर्भ चुकला तर कुठे तरी जन्मनोंद असते, पत्रं असतात, नातवंडं असतात. ड्रिझ्टच्या डोळ्यांचा रंग जांभळा हे ताडून पाहायला छापील पानाखेरीज जगात काहीही नाही. कल्पित पात्राबाबत संदर्भ हाच पुरावा आणि तोच देह. म्हणून पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पृष्ठ क्रमांक. ‘मला आठवतं’ हे चालत नाही.

आणि पुरावे आपसांत भांडतात. ग्रीनवुड यांनी १९९२पासून ‘व्होलोज गाइड’ ही प्रवासवर्णनं लिहिली. ती त्या जगातल्या व्होलो नावाच्या बढाईखोर भटक्यानं लिहिली असल्याची कल्पना आहे, आणि मजकुरावर एल्मिन्स्टरच्या दुरुस्त्यांच्या टिपा आहेत. एकाच पुस्तकात दोन साक्षीदार! संपादकानं इथे निवाडा करायचा नसतो. ‘व्होलोच्या म्हणण्यानुसार’ असं लिहायचं, पुढे एल्मिन्स्टरचा आक्षेप नोंदवायचा आणि थांबायचं.

इथे मला सिद्धेश्वरशास्त्री चित्राव आठवतात. १९३२ साली त्यांचा ‘प्राचीन चरित्रकोश’ आला. वेद, सूत्रं, महाकाव्यं, पुराणं यांतल्या व्यक्तींची अकारविल्हे चरित्रं, आणि ओळीओळीला कोणत्या ग्रंथात काय आहे त्याचा निर्देश. एकाच राजाची वंशावळ दोन पुराणांत दोन तऱ्हांची असणं, एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असणं, एकाच व्यक्तीला अनेक नावं असणं: पुण्यात बसून त्यांनी हाताळलेले प्रश्न आणि ड्रिझ्टच्या चर्चापानावरचे प्रश्न सख्खे भाऊ आहेत. पुराणांमागे श्रद्धा आहे आणि इथे खेळ, हा फरक मोठा आहेच. कोशकाराच्या कामात मात्र त्यानं फरक पडत नाही.

२०२१ साली विझर्ड्सच्या जेरेमी क्रॉफर्ड यांनी जाहीर केलं की पाचव्या आवृत्तीपुरतं अधिकृत तेवढंच, जे त्या आवृत्तीच्या खेळपुस्तकांत छापलं आहे. म्हणजे साडेतीन दशकांच्या कादंबऱ्या बाहेर. नव्या लेखकांची मान जुन्या ओझ्याखालून मोकळी व्हावी हा हेतू समजण्याजोगा आहे. विकीनं मात्र जुनी पानं पुसली नाहीत; सगळ्या आवृत्त्यांचं साहित्य तिथे आपापल्या संदर्भासह आहे. माझ्या मते हेच योग्य. काय मानावं हे कंपनी ठरवू शकते. काय छापलं गेलं होतं ते तिलाही बदलता येत नाही.

आकड्यांसाठी माहितीचौकटीचा साचा असतो, आणि तिथेही आवृत्तीनुसार वेगळे रकाने ठेवावे लागतात. दुसऱ्या आवृत्तीत ड्रिझ्ट सोळाव्या पातळीचा रेंजर, म्हणजे रानावनाचा योद्धा. तिसऱ्या आवृत्तीच्या २००१च्या पुस्तकात त्याचेच दहा पातळ्या योद्धा, एक रानटी लढवय्या, पाच रेंजर असे तुकडे झाले. बेरीज सोळाच! माणूस तोच, मोजपट्टी बदलली. एकच रकाना ठेवला असता तर यातलं काहीच दिसलं नसतं.

अलीकडे याहून अवघड प्रकरण आलं आहे. १२ मार्च २०१५ रोजी ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमातून याच खेळाचं थेट प्रक्षेपण सुरू झालं: मॅथ्यू मर्सर सूत्रधार, भोवती आवाजाचे व्यावसायिक कलाकार. पहिल्या मोहिमेचे ११५ भाग, दुसरीचे १४१, एकेक भाग बहुधा तीन-चार तासांचा. इथे पृष्ठ क्रमांक नाही. भाग आणि तास-मिनिटं हाच संदर्भ. त्यातही हा खेळ कॅमेऱ्यापुढे येण्याआधी घरी चालला होता, आणि नियम वेगळे होते. तेव्हा घडलेलं जे काही आहे ते खेळाडूंनी नंतर सांगितलेल्या आठवणींतूनच मिळतं. पर्सी या पात्राचा बंदूकधारी वर्ग जुन्या नियमांत होता, नव्यात नव्हता, म्हणून मर्सर यांना तो नव्यानं रचावा लागला. चाहत्यांनी बसून तासन्‌तासांचं बोलणं उतरवून काढलं, कारण उतरवलेल्या मजकुरातच शोधता येतं. आपल्याकडे कीर्तनाची वा तमाशाच्या वगाची टिपणं कुणी अशी निगुतीनं ठेवली असती तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. बरेचसे असे कोश ‘फॅन्डम’ या कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. जिमी वेल्स आणि अँजेला बीस्ली यांनी २००४ साली ती ‘विकिसिटीज’ नावानं काढली. जागा फुकट, बदल्यात जाहिराती. जाहिरातींना कंटाळून काही समाज बाहेर पडले. ‘रूनस्केप’ या संगणकीय खेळाचा विकी २०१८ मध्ये गेला. मजकूर मुक्त परवान्याखाली असल्यानं सोबत नेता येतो, पण त्याच परवान्यामुळे जुनी प्रतही जागच्या जागी राहते, आणि नवखा वाचक शोधत शोधत तिथेच पोचतो. म्हणून नवा कोश उभारणाऱ्यानं पहिल्या दिवशीच ठरवावं की जागा कुणाची आणि मजकुराची पूर्ण प्रत दर महिन्याला कोण उतरवून घेणार.

पुण्यामुंबईत, बंगळुरूत, न्यू जर्सीत मराठी तरुण हा खेळ खेळत असतील, तर त्यांना माझी एक विनंती आहे. तुमची पात्रं मेल्फइतकीच खरी आहेत आणि त्यांचा कागद पेन्सिलनं लिहिलेला आहे. खेळ संपल्यावर उठण्याआधी दहा मिनिटं काढा. तारीख टाका, कोण खेळलं ते लिहा, नियमांची कोणती आवृत्ती होती ते लिहा, आणि ज्या फाशानं गोष्ट वळली त्याचा आकडा लिहा. मराठीत लिहा. पान नंतर कधीही सजवता येईल.