झोपेतही हलणारी मुलं

कतारमधल्या प्राथमिक शाळांची एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. ९.४ टक्के मुलांत एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, लक्षणं दिसली, मुलग्यांत १४.१, मुलींत ४.४ टक्के. मोजमाप होतं शिक्षकांच्या नजरेचं. ज्याचं बूड टेकत नाही तो नजरेत भरणारच. खिडकीबाहेर बघत गप्प हरवून जाणारी मुलगी सहज सुटते.

हालचाल मोजणाऱ्या मनगटावरच्या पट्ट्याला नजर नसते. त्याच्या आत सिलिकॉनचा एक कण चिमुकल्या स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो जडत्वाने किंचित मागे राहतो, शेजारच्या सूक्ष्म दात्यांपासूनचं अंतर बदलतं, आणि तेवढ्याने तिथली विद्युतधारिता बदलते. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी सरकणं, आणि तेही सेकंदाला अनेकदा टिपलेलं! नुसतं पेन टकटकवलं तरी नोंद होते. (ती गप्प मुलगी मात्र इथेही सुटतेच. निदान डॉक्टरांनीच करायचं.)

असल्या यंत्राचा जुना, बोजड अवतार अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या गटाने मुलग्यांना आठवडाभर, रात्रंदिवस बांधायला दिला. १९८३ साली निष्कर्ष आले. अतिचंचल मुलगे शाळेत जास्त हलत होते, सुट्टीच्या दिवशीही, आणि चक्क झोपेतसुद्धा! झोपेत कोणी मुद्दाम खोड्या काढतो का?

त्याहून गंमत २०१५ची. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात ज्युली श्वाइट्झर यांच्या गटाने मुलांच्या घोट्याला यंत्र बांधून त्यांना लक्ष एकवटण्याची चाचणी दिली. एडीएचडी असलेल्यांची जी उत्तरं बरोबर आली, त्या वेळी त्यांचे पाय अधिक जोरात हलत होते. इतर मुलांत तसं दिसलं नाही. ती वळवळ बहुधा मेंदूला जागं ठेवत असावी.

म्हणून ‘हलू नकोस’ म्हणत गुरगुरणारं घड्याळ मला मूर्खपणाचं वाटतं. ठरावीक वेळाने हळूच थरथरून ‘कुठवर आलास?’ एवढंच विचारणारं बरं. चारचौघांत नाव पुकारलं जात नाही, आणि उत्तर मूल स्वतःलाच देतं.

कतारच्या राजधानीत, दोह्यात, प्रश्न उन्हाळ्याचा. ऊन इतकं, की १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच मनाई. मग पायाला भिंगरी लागलेल्या पोराने फ्लॅटमध्ये करायचं काय? अशा दिवशी घड्याळातला हालचालीचा आलेख सपाट दिसला, तर गृहपाठाला बसवण्याआधी त्याला बिल्डिंगच्या जिन्यावरून चार फेऱ्या मारू द्याव्यात.