वेचलेल्या पुंगळ्या, वितळलेले खिळे

अमेरिकेतल्या नेमबाजीच्या मैदानावर दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काही जण गोळ्या झाडतात आणि गाडीत बसून घरी जातात. काही जण झाडून झाल्यावर वाकतात, गवतात पडलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या एकेक करून वेचतात, शेजाऱ्याला ‘तुमच्या नको असतील तर मी घेऊ का?’ असे विचारतात आणि डबा भरून नेतात. या वेचणाऱ्यांना तिथे रीलोडर म्हणतात. घरी नेऊन ते त्याच पुंगळ्या पुन्हा भरतात. त्यांतले काही तर गोळीसुद्धा स्वतःच ओततात, गॅरेजच्या कोपऱ्यात शिसे वितळवून. आपल्याकडे असले काही केले तर दारात पोलीस उभे राहतील. तिथे स्वतःच्या वापरापुरते काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायचे असेल तरच लागतो.

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली प्राइमरची बारीक टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपी फुटते, दारू पेटते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी, आणि बहुतेक वेळा चारांत महाग तीच. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त अशा या पितळेचा गुण असा, की स्फोटाच्या दाबाने ते फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, धूर मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरला की किंचित आक्रसून सुटे होते. नेहमीच्या दाबाची पुंगळी अनेकदा भरता येते. मग कधीतरी तिची मान चिरते आणि ती भंगारात जाते.

पण पुंगळी टिकाऊ असणे पुरेसे नाही, फुटलेली टोपी सहज काढताही आली पाहिजे. १८६०च्या दशकात याची दोन उत्तरे निघाली. वुलविचच्या सरकारी कारखान्यातला इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याच्या रचनेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. वरून सुई दाबली की जुनी टोपी टपकन खाली पडते. अमेरिकन हायरम बर्डनच्या रचनेत बाजूला दोन बारीक भोके असतात, तिथे सरळ सुई पोचत नाही. गंमत म्हणजे इंग्रजाची टोपी अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपातल्या बहुतेक सैन्यांनी. आज अमेरिकेतला हा अख्खा छंद त्या मधल्या एका भोकावर उभा आहे.

पितळेच्या मानेचा एक धडा मात्र हिंदुस्थानातून गेला. ब्रिटिश फौजेची काडतुसे इथे तबेल्यांच्या आसपास साठवली जात आणि पावसाळ्यात त्यांच्या पुंगळ्या, कोणी हातही न लावता, चिरलेल्या निघत. पुढे उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि पुंगळी घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, असा तिहेरी मामला होता. धातुशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत या दोषाचे नाव आजही ऋतूवरूनच आहे. इलाज म्हणजे मान तापवून ताण घालवणे. अमेरिकेतला हौशी माणूस गॅसच्या ज्योतीवर पुंगळीची मान फिरवतो ती याच कारणाने. त्याला आपला पावसाळा माहीत असण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष काम पाहायला कंटाळवाणे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घालून तासन्‌तास यंत्रात घुसळतात, लख्ख निघतात. मग एकेकीला वंगणाचे बोट लावायचे, टेबलाला घट्ट आवळलेल्या प्रेसमध्ये बसवायची आणि दांडा खाली ओढायचा. वरच्या पोलादी डायमध्ये शिरताना फुगलेली पुंगळी दबून मूळ मापाला येते आणि तिच्या पोटातली सुई जुनी टोपी ढकलते. वंगण कमी पडले तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते, की सकाळ तिच्यातच जाते. पुढे लांबी मोजायची, वाढली असेल तर तासायची, नवी टोपी दाबायची, दारू तोलून घालायची, गोळी बसवायची.

दारूचे माप ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेनचा एक पौंड. आपल्या सराफांना हे माप परके नाही, कारण इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. म्हणजे एका गुंजेत पावणेदोनहून थोडे जास्त ग्रेन. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या तिथल्या जुन्या रायफल काडतुसात १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात, ती भरते बरोबर एक तोळा. दारू मात्र ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात, आणि किती घालायची ते छापील पुस्तकातून घेतात, ऐकीव गप्पांतून कधीच नाही. पिस्तुलाच्या पुंगळीत नेमकी दारू तळाशी चिमूटभर दिसते. चुकून दोनदा पडली तरी ती मावते आणि वरून पत्ता लागत नाही. पिस्तूल हातातच फुटू शकते. अजिबात पडली नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि वापरणाऱ्याने न थांबता पुढची झाडली की तीच गत. म्हणून जुनी माणसे पुंगळ्या भोकांच्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करतात, गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावतात आणि टेबलावर एका वेळी दारूची एकच बरणी ठेवतात. काम चालू असताना टीव्ही लावणाऱ्याशी ते या विषयावर बोलत नाहीत.

आता या छंदाची खरी गोष्ट: तो दुसऱ्यांनी टाकलेल्या मालावर वाढला. १८७०च्या दशकात बायसनची कत्तल करणारे शिकारी गावापासून लांब माळावर राहत. तयार काडतुसे महाग आणि दुर्मीळ, म्हणून ते शिसे, दारूचे पिंप आणि भरायची अवजारे गाडीतच ठेवत आणि रात्री शेकोटीपाशी उद्याच्या पुंगळ्या भरत. पुढे कनेटिकटच्या जॉन बार्लोने आयडियल नावाने सांडशीसारखे हत्यार बाजारात आणले. खिशात मावणाऱ्या त्या हत्यारात पुंगळी भरण्याची जवळजवळ सगळी कामे होत. १९२५ मध्ये आयडियल लायमन कंपनीकडे गेली. लायमनचे साचे आजही विकले जातात.

दुसऱ्या महायुद्धात तांबे, शिसे, दारू सगळे सैन्याकडे गेले आणि दुकाने रिकामी झाली. कॅलिफोर्नियातल्या ओरोविलच्या फ्रेड हंटिंग्टनला रॉकचकची शिकार करायची होती. हा डोंगरात राहणारा, खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी. गोळ्या मिळेनात, तेव्हा त्याने पॉइंट टू-टू काडतुसांच्या झाडलेल्या पुंगळ्या गोळा केल्या. त्या पुन्हा भरता येत नाहीत, म्हणून कोणालाच नको होत्या. त्यांची बुडाची कड डायमध्ये दाबून सपाट करायची, आत शिशाचा गाभा घालायचा आणि दाबून टोकदार करायचे, की तांबूस कवचाची गोळी तयार. ‘रॉक चक बुलेट स्वेज’ या डायच्या नावावरून त्याच्या कंपनीचे नाव पडले आरसीबीएस. तिचे हिरवे प्रेस आज अमेरिकाभर गॅरेजांत दिसतात. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने उलटा विचार केला. सैन्याकडे आता दारू उरली असणार आणि ती फुंकून टाकली जाणार. त्याने आयुर्विम्यावर कर्ज काढून ती स्वस्तात उचलली, रेल्वेचा जुना डबा कुरणात आणून त्यात साठवली आणि टपालाने विकायला सुरुवात केली. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड लीने घरच्या वर्कशॉपमध्ये आणखी स्वस्त युक्ती काढली: प्रेस नाही, दांडा नाही, लहानशी डबी आणि हातोडी. ठोकून पुंगळी आत घालायची, ठोकून बाहेर काढायची. शेजारपाजारच्यांनी काय सहन केले असेल ते असो, पण त्या डबीने हा छंद तुटपुंज्या पगाराच्या माणसालाही परवडू लागला.

ओतकामाची तऱ्हाही तीच. नुसते शिसे मऊ. वेगात नळीत घासून मागे लेप सोडते. त्यात कथील आणि अँटिमनी मिसळले की ते साच्यात नीट भरते आणि टणक होते. हा मिश्रधातू विकत घेण्याची गरज कित्येक वर्षे पडलीच नाही, कारण टायरच्या दुकानात चाकाचा तोल साधणारी शिशाची वजने बादलीभर मिळत. आणि छापखाने होते. लायनोटाइप यंत्रातल्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. ओतणाऱ्याच्या दृष्टीने सोनेच. न्यूयॉर्क टाइम्सचा तापल्या धातूने जुळवलेला शेवटचा अंक २ जुलै १९७८चा. तशीच देशभरातली छापखान्यांची भांडी थंडावत गेली आणि त्यांतला धातू गोळ्या ओतणाऱ्यांच्या शेडमध्ये पोचला. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी ज्या जातीच्या मिश्रधातूत देवनागरीचे खिळे ओतले, त्याच जातीचा हा धातू. मराठी छापखान्यांचे खिळे मात्र किलोच्या भावाने गेले, आणि ते कुठे वितळले याची नोंद कोणी ठेवली नाही.

शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. ओतणारा त्याहून बरेच तापवतो, मेणाचा तुकडा टाकून ढवळतो, वर आलेली काळपट मळी पळीने काढतो. पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा अजून थंड असतो. साचा फार तापला की त्या दहिवर पडल्यासारख्या पांढुरक्या निघतात. या दोन टोकांच्या मधली लय हाताला सापडली की काम पळते: ओत, थांब, वरची पट्टी लाकडी मोगरीने ठोकून फिरव, साचा उघड, गोळी मऊ फडक्यावर पाड. भांड्यात पाण्याचा एक थेंब पडला तर क्षणात वाफ होऊन तापलेले शिसे छतापर्यंत उडते, म्हणून उन्हाळ्यात घामाघूम माणसाने भांड्यावर वाकायचे नाही. शिशाचे विष धुरापेक्षा हाताला लागलेल्या भुकटीतून जास्त जाते. हात न धुता सँडविच खाणारा इथे फार मोठी चूक करतो. शेवटी गोळीच्या खाचांत वंगण भरतात, ज्यात बहुधा मधमाश्यांचे मेण असते. १८५७ साली एन्फिल्डच्या काडतुसांवरून शिपाई बिथरले, तेव्हा साहेबांनी त्यांना मेण आणि तेलाचे वंगण स्वतः लावा असे सांगून पाहिले होते. तोवर उशीर झाला होता.

अशा टेबलांवरूनच कारखान्यांना नव्या वाटाही मिळाल्या. आयडाहोचा गुराखी आणि लेखक एल्मर कीथ वर्षानुवर्षे फॉर्टी-फोर स्पेशलच्या पुंगळीत नेहमीपेक्षा जोरकस भरणा करून, स्वतः आखलेल्या साच्यातली जड गोळी झाडत राहिला आणि कंपन्यांच्या मागे लागला. १९५५ मध्ये रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी फॉर्टी-फोर मॅग्नम आणले. ‘डर्टी हॅरी’मध्ये क्लिंट ईस्टवुड रोखतो ते पिस्तूल याच काडतुसाचे.

पैसे वाचतात का? कोणताही रीलोडर आधी हो म्हणतो. प्रत्येक काडतूस स्वस्त पडते हे खरे, पण तो माणूस मग दुप्पट काडतुसे झाडतो आणि प्रेस, काटा, साचे घेतच राहतो. बचत हे घरच्यांना सांगायचे कारण आहे. खरे सुख मापात आहे: दारूचा दहावा ग्रेन बदलला, गोळी केसभर आत बसवली आणि शंभर यार्डांवर पाच गोळ्यांची भोके एकमेकांत मिसळली, याची वहीत नोंद करण्यात. रायफल टेबलावर टेकवून झाडायच्या बेंचरेस्ट स्पर्धांतले लोक तर दोन फेऱ्यांच्या मध्ये मैदानावरच छोटा प्रेस मांडून त्याच थोड्या पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरतात.

ज्या भंगारावर हे सगळे चालले, ते मात्र आटत चालले आहे. चाकाची वजने आता पोलाद आणि जस्ताची येतात, आणि जस्ताची चुकून भांड्यात वितळली तर सगळा घाणा ओतवेनासा होतो. खिळ्यांचा धातू संपला. कॅलिफोर्नियात कॉन्डर गिधाडे शिसे पोटात जाऊन मरू लागली म्हणून १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. माझ्या मते हा निर्णय योग्यच. कोविडच्या काळात टोप्या बाजारातून गायब झाल्या, आणि टोपी घरी बनवायची गोष्ट नव्हे.

महाराष्ट्रात काडतुसे बनतात ती सरकारी कारखान्यांत. खडकीचा १८६९ पासूनचा आहे, वरणगावचा रायफलीच्या काडतुसांसाठी ओळखला जातो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवले ते पॉइंट टू-टूने. या काडतुसाच्या टोपीतला स्फोटक पदार्थ पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो, तो झाडताना चेपतो आणि पुंगळी निकामी होते. त्यामुळे या प्रकारातल्या नेमबाजांना घरी भरण्याचा प्रश्नच नाही; ते कारखान्याच्या एकेका लॉटची चाचणी घेऊन बरा लॉट निवडतात.

१९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना दारूगोळा बनवणे आपल्याकडे गुन्हा आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रेही येतात. विमानतळावर सामानात एखादे काडतूस सापडून गुन्हा नोंदल्याच्या बातम्या येतच असतात. म्हणून टेक्सास, ॲरिझोनाकडे राहून हा नाद लागलेल्या मराठी मंडळींना एक विनंती: सुट्टीला घरी येताना रेंजवर नेत असलेली बॅग आणू नका, आणि आणावीच लागली तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका.