मॅजिक जॉन्सन बरा झाला का?

“डॉक्टर, तो अमेरिकेचा बास्केटबॉलवाला, मॅजिक जॉन्सन, त्याला एड्स झाला होता ना? मग तो बरा कसा झाला?” हा प्रश्न मला दवाखान्यात वर्षातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याला बास्केटबॉलशी फारसे देणेघेणे नसते. त्याच्या मनात दुसरीच शंका असते: पैसेवाल्यांसाठी कुठेतरी एखादे गुप्त औषध आहे आणि ते आपल्यापर्यंत पोचू दिले जात नाही. उत्तर दोन वाक्यांत देता येते. जॉन्सनला एड्स झालाच नव्हता, एच.आय.व्ही. या विषाणूचा संसर्ग झाला होता. आणि तो आजही बरा झालेला नाही. पण एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच खेळाडू असतात. त्यांतला चेंडू पुढे नेणारा आणि तो कोणाला, कोणत्या क्षणी द्यायचा हे ठरवणारा तो पॉइंट गार्ड. हा बहुधा संघातला सर्वांत बुटका आणि चपळ गडी असतो. अर्विन जॉन्सन (जन्म १९५९, लॅन्सिंग, मिशिगन) मात्र ६ फूट ९ इंच उंच होता. वडील मोटारीच्या कारखान्यात कामाला, आई शाळेत साफसफाईचे काम करणारी. पंधराव्या वर्षी त्याचा शाळेतला एक सामना पाहून स्थानिक वार्ताहराने त्याला ‘मॅजिक’ म्हटले आणि तेच नाव चिकटले. १९७९ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या ‘लेकर्स’ संघात आला. पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत संघाचा आधारस्तंभ करीम अब्दुल-जब्बार घोट्याच्या दुखापतीमुळे बाहेर बसला, तेव्हा वीस वर्षांच्या या पोराने त्याच्या जागी उभे राहून ४२ गुण केले व अजिंक्यपद आणले. पुढच्या मोसमात डाव्या गुडघ्यातील कूर्चा फाटली आणि ४५ सामने हुकले. तो त्यातून सावरला. एकूण पाच अजिंक्यपदे, तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान. सहकाऱ्याला असा पास द्यायचा की त्यावर लगेच गुण व्हावा, याला ‘असिस्ट’ म्हणतात. जॉन्सनची सरासरी सामन्यामागे ११.२ असिस्टची आहे आणि ती अजून कोणाला मोडता आलेली नाही. म्हणजे स्वतःपेक्षा दुसऱ्याकडून गुण करून घेणारा हा खेळाडू.

१९९१ च्या ऑक्टोबरात विम्याच्या पॉलिसीसाठी त्याची रक्ततपासणी झाली. (विम्याची वैद्यकीय तपासणी आपल्याला कटकट वाटते. माझ्या माहितीतल्या निदान दोघांचा मधुमेह तिच्यामुळेच उघडकीला आला.) तपासणीत एच.आय.व्ही. आढळला. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते, पत्नी गरोदर होती. ७ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने पत्रकार परिषद घेऊन हे जाहीर केले आणि खेळातून निवृत्ती पत्करली. पत्नीची तपासणी निर्दोष निघाली आणि पुढे जन्मलेले बाळही निरोगी निघाले. असुरक्षित शरीरसंबंधातून, स्त्रियांशी आलेल्या संबंधांतून, आपल्याला संसर्ग झाल्याचे त्याने लपवले नाही. हा रोग फक्त ‘तसल्या’ माणसांना होतो या समजाला तेव्हा जगभर पहिला मोठा तडा गेला.

मी त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालयात होतो. आमच्या वॉर्डातही असे रुग्ण येऊ लागले होते. खाटेच्या पायथ्याशी लाल अक्षरांत पाटी, जेवणाचे ताट दुरून सरकवलेले, सलाईन लावायला कोणी पुढे येत नाही, असे ते दिवस. बहुतेक रुग्ण खंगलेले, क्षयाने खोकणारे, जुलाबाने गळून गेलेले. आणि वर्तमानपत्रात फोटो मात्र या हसऱ्या, धडधाकट माणसाचा! दोन्ही चित्रे एकाच रोगाची कशी, हे आम्हा विद्यार्थ्यांनाही चटकन उमगत नव्हते.

उलगडा असा. आपल्या रक्तात सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतू शरीरात शिरले की बाकीच्या सैन्याला हाक देण्याचे काम या पेशींचे. एच.आय.व्ही. नेमका याच पेशींत घुसतो, तिथे आपल्या नकला काढतो आणि पेशीचा नाश करतो. निरोगी माणसात दर घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. हा आकडा २०० च्या खाली गेला, किंवा प्रतिकारशक्ती खचल्यामुळे होणारे काही ठराविक आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणायचे. औषध न घेता संसर्गापासून एड्सपर्यंत पोचायला सरासरी आठ-दहा वर्षे लागतात. या काळात माणूस खातो-पितो, शेत नांगरतो, ट्रक चालवतो, बास्केटबॉलही खेळतो. तोंडाकडे पाहून काही कळत नाही.

या काळात विषाणू झोपलेला असतो असे आम्हाला शिकवले जात होते. ते चूक होते. १९९५ मध्ये डॉ. डेव्हिड हो व इतर संशोधकांनी दाखवले की बाहेरून शांत दिसणाऱ्या या शरीरात रोज कोट्यवधी नवे विषाणू तयार होतात आणि शरीर तितक्याच जोमाने त्यांचा फडशा पाडत असते. रस्सीखेच चालू असते, दोर मात्र जागचा हललेला दिसत नाही. हेच डॉ. हो पुढे जॉन्सनचे एक डॉक्टर झाले.

आता १९९२ कडे येऊ, कारण आपल्याकडच्या पालकांना आणि शिक्षकांना त्यातून घेण्यासारखे बरेच आहे. त्या फेब्रुवारीत प्रेक्षकांनी मते देऊन निवृत्त जॉन्सनला ‘ऑल स्टार’ सामन्यात बोलावले. त्याने २५ गुण केले आणि सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक घेतले. उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले. मग त्याने पुन्हा लेकर्सकडून खेळायचे ठरवले. तेव्हा कुजबुज सुरू झाली. कार्ल मलोनसारख्या नामवंत खेळाडूने, जो ऑलिंपिकला त्याच्याच संघात होता, उघडपणे भीती बोलून दाखवली. ३० ऑक्टोबरच्या एका सराव सामन्यात जॉन्सनच्या हातावर ओरखडा उठला. खेळ थांबला, मैदान चिडीचूप. संघाचे ट्रेनर गॅरी व्हिटी यांनी हातमोजे न घालता त्यावर पट्टी बांधली. खेळाडूंना धीर यावा म्हणून त्यांनी मुद्दाम तसे केले. माझ्या मते हातमोजे घालायला हवे होते, पण ते प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक जखमेसाठी. एकट्या जॉन्सनसाठी नव्हे. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, जॉन्सन पुन्हा निवृत्त झाला. शरीर साथ देत होते, पण सहकाऱ्यांच्या डोळ्यांतली भीती त्याला खेळू देईना.

हेच आपल्याकडे घडते तेव्हा त्याची बातमी होत नाही. काही काळापूर्वी एक क्रीडाशिक्षक माझ्याकडे आले होते. त्यांच्या कबड्डी संघातल्या एका मुलाला जन्मापासून हा संसर्ग आहे, असे गावात फुटले होते. चार पालकांनी निरोप धाडला: त्याला काढा, नाहीतर आमची मुले येणार नाहीत. सर स्वतः भला माणूस, पण गोंधळलेले. “कबड्डीत नखे लागतात, गुडघे सोलतात. उद्या काही झाले तर जबाबदार कोण?”

मी त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो. घाम, थुंकी, अश्रू यांतून एच.आय.व्ही. पसरत नाही. मिठी मारून, एका ताटात जेवून, डास चावून पसरत नाही. रक्तात तो असतो, हे खरे. पण शाबूत कातडीतून तो आत जाऊ शकत नाही आणि शरीराबाहेर फार टिकत नाही. औषध न घेणाऱ्या रुग्णाच्या रक्ताची सुई डॉक्टरला किंवा नर्सला खोल टोचली, तरी संसर्ग होण्याचा संभव सुमारे ३०० मध्ये १ असतो. मैदानावरच्या खरचटण्याशी त्याची तुलनाच नको. उलट हिपॅटायटिस बी म्हणजे यकृताची एक कावीळ सुईतून याच्या कितीतरी पट सहज पसरते. तिची लस उपलब्ध आहे, पण त्या चार पालकांपैकी एकानेही आपल्या मुलाने ती घेतली आहे का, हे विचारले नव्हते.

नियम सोपा आहे आणि अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही तोच आहे. ज्याला रक्त येते त्याने बाहेर यायचे, जखम साबण-पाण्याने धुवायची, रक्त थांबले व पट्टी बसली की पुन्हा आत. पट्टी बांधणाऱ्याने हातमोजे घालायचे. हे सगळ्या मुलांसाठी, कारण कोणाच्या रक्तात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आणि एक गोष्ट मी सरांना जरा कडक आवाजात सांगितली. एच.आय.व्ही.बाबतच्या २०१७ च्या कायद्यानुसार एखाद्याचा संसर्ग त्याच्या संमतीशिवाय उघड करणे आणि त्या कारणाने त्याला शाळेतून वा नोकरीतून दूर ठेवणे हा भेदभाव बेकायदेशीर आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. मुलगा संघात राहिला. पालकांपैकी दोघांनी मात्र आपली मुले खरोखरच काढून घेतली.

जॉन्सनकडे परत येऊ. १९९१ मध्ये त्याला एझेडटी हे त्या काळचे प्रमुख औषध सुरू झाले. एकट्या औषधाची अडचण अशी की विषाणू नकला काढताना सतत चुका करतो आणि त्यांतली एखादी चूक त्या औषधाला दाद देईनाशी होते. मग ती जात फोफावते. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. एकाच वेळी तिन्ही औषधांतून निसटणे विषाणूला जवळजवळ अशक्य होते. मरणपंथाला लागलेली माणसे उठून घरी जाऊ लागली. योगायोगाने त्याच वर्षी ३० जानेवारीला छत्तीस वर्षांचा, अंगाने भरलेला जॉन्सन पुन्हा मैदानात उतरला आणि ३२ सामने खेळला. या वेळी कोणी घाबरले नाही. चार वर्षांत विषाणू बदलला नव्हता, लोकांची माहिती वाढली होती.

पैसेवाल्यांच्या औषधाची शंका त्या काळी अगदीच खोटी नव्हती. तिहेरी उपचाराचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे सेवाभावी संस्थांना वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि जगाचा हिशेबच बदलला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली. आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. आज सरकारी ए.आर.टी. केंद्रात बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसाला एकच गोळी लागते, तिच्यात तीन औषधे असतात. पूर्वी सीडी-४ आकडा उतरण्याची वाट पाहत. २०१७ पासून निदान होताच गोळी सुरू करतात.

मग ‘बरा झाला’ म्हणायला हरकत काय? हरकत आहे, आणि माझे काही रुग्ण याच शब्दाला बळी पडले आहेत. काही विषाणू दीर्घायुषी पेशींच्या आत दडून बसतात. तिथे औषधाचा इलाज चालत नाही. गोळी चालू असेपर्यंत ते बाहेर आले तरी वाढू शकत नाहीत. गोळी थांबली की काही आठवड्यांत पुन्हा रक्तभर होतात. वजन वाढले, चेहऱ्यावर तकाकी आली, की रुग्णाला वाटते आता कशाला गोळ्या! एका ट्रकचालकाने असे समजून, आणि कोणा वैदूच्या पुड्यांवर भरवसा ठेवून, सात-आठ महिने औषध सोडले. परत आला तो मेंदूच्या क्षयाने. बायको दोन्ही वेळची गोळी वेळेवर घेत होती, ती आजही रोजगाराला जाते. तो गेला.

उलट नेटाने गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत, आणि असे टिकून राहिले तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ही आता पक्की सिद्ध झालेली गोष्ट आहे. गरोदर स्त्रीने उपचार न घेतल्यास साधारण तीनातल्या एका बाळाला संसर्ग होऊ शकतो. वेळीच औषध सुरू केल्यास हे प्रमाण शंभरात पाचाहूनही खाली येते. अशा मातांची निरोगी मुले मी शाळेत जाताना पाहतो. जॉन्सनलाही जाहीर केल्यापासून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. व्यवसाय, बेसबॉल संघाची भागीदारी, नातवंडे असे त्याचे चालू आहे. गोळ्याही चालू आहेत.

तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतील आय.सी.टी.सी. केंद्रात मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात. शंकास्पद संबंध नुकताच आला असेल तर पहिली तपासणी निर्दोष आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण रक्तात खूण उमटायला वेळ लागतो. सुई टोचली असेल किंवा बलात्कारासारखा प्रसंग ओढवला असेल तर वाट पाहू नये. ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांत, सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे २८ दिवसांच्या गोळ्या मिळतात. विचारायला संकोच वाटत असेल त्यांनी १०९७ हा क्रमांक फिरवावा. तो मोफत आहे.