पहिली ट्रायल्स सायकल : चाक किती इंचांचे?

दिल्लीत रिंग रोड आणि आउटर रिंग रोड यांच्या दरम्यान वसलेली आर. के. पुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही येथील निवासस्थानांत राहतात. या घरांतील वडीलधाऱ्या पिढीने सायकल शिकली ती २८ इंची चाकांच्या उंच सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत. त्यामुळे मुलासाठी सायकल घेताना ‘थोडी मोठीच घ्या, चार वर्षे पुरेल’ हा सल्ला ओघानेच येतो. कपडे आणि बूट यांच्या बाबतीत तो शहाणपणाचा असेलही. ट्रायल्स सायकलच्या बाबतीत मात्र तो खिशाला महाग पडू शकतो.

ट्रायल्स हा वेगाचा नव्हे, तोलाचा खेळ आहे. खडक, ओंडके, पायऱ्या अशा अडथळ्यांवरून पाय न टेकता सायकल पार न्यायची. पाय टेकला की दंड. या खेळाची पाळेमुळे स्पेनमध्ये आहेत. माँटेसा या मोटारसायकल कंपनीशी संबंधित असलेल्या पेरे पी यांनी आपला मुलगा ओट याला मोटारसायकल ट्रायल्सचे धडे मिळावेत म्हणून १९७०च्या दशकात त्याला सायकलवर तयार केले. मुलाच्या सरावासाठी योजलेल्या या युक्तीतून पुढे स्वतंत्र क्रीडाप्रकारच जन्माला आला.

आज आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या स्पर्धांत पुरुषांसाठी २० इंच आणि २६ इंच असे दोन गट असतात. म्हणजे २० इंची चाक हे येथे बालकांचे चाक नव्हे; जगज्जेते प्रौढ खेळाडूही त्यावरच खेळतात. या खेळात चाकाचा आकडा वय सांगत नाही, सायकलचा स्वभाव सांगतो.

हा स्वभाव समजण्यासाठी पदपथाची साधी कड पुरेशी आहे. ती १५ सेंटिमीटर उंच आहे असे समजू. २० इंची चाकाची त्रिज्या सुमारे २५ सेंटिमीटर, तर २६ इंचीची सुमारे ३३. लहान चाकाच्या दृष्टीने ही कड त्रिज्येच्या ६० टक्के उंचीची भिंत ठरते, मोठ्या चाकाच्या दृष्टीने ती ४५ टक्केच. म्हणून मोठे चाक अडथळ्यावर सहज चढते. त्याच्या दोन्ही चाकांतील अंतरही अधिक, साधारण १०८ सेंटिमीटर. २० इंचीत ते एक मीटरच्या आसपास असते. जागच्या जागी तोल धरून उभे राहणे मोठ्या सायकलवर थोडे सोपे जाते ते यामुळेच.

मग लहान चाक कशासाठी? कारण नवशिक्याचा खरा अभ्यास चाक उचलण्याचा असतो. पुढचे चाक वर घेणे, मागच्या चाकावर उभे राहून लहान लहान उड्या मारणे, सायकल हवेतच वळवणे या सर्वांत आखूड बांधा आणि हलके चाक शरीराचे ऐकतात. बारा वर्षांच्या मुलाच्या हातांना २६ इंची सायकल उचलता येत नाही असे नाही. पण दहा मिनिटांत खांदे भरून येतात आणि सराव तेथेच संपतो. उंची पाच फुटांच्या आत असेल तर २० इंची घ्यावी, हे बरे. साडेपाच फुटांहून उंच प्रौढाला मात्र तिच्यावर अवघडल्यासारखे वाटते. त्याने २६ इंचीचा विचार करावा. मधल्या उंचीच्या व्यक्तीने शक्य असल्यास दोन्हींवर उभे राहून पाहावे.

‘मुलगा वाढेल, मग काय?’ या प्रश्नाचे उत्तर पालकांना दिलासा देणारे आहे. ट्रायल्समध्ये बसायचे नसते, बहुतेक २० इंची सायकलींना आसनच नसते. आसनाच्या उंचीचा प्रश्न नसल्याने मूल उंच झाले तरी सायकल लगेच लहान पडत नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी : या सायकलवरून शाळेत किंवा भाजी आणायला जाता येत नाही. दोन्ही हवे असेल तर २४ इंची, आसन असलेली सायकल हा मध्यममार्ग आहे. स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलची एडिनबरोच्या रस्त्यांवरील कसरतींची चित्रफीत २००९ मध्ये जगभर गाजली, तीही २४ इंची सायकलवरच चित्रित झाली होती.

खरी गफलत होते ती टायरच्या बाबतीत. ‘२० इंची’ या एकाच नावाखाली अनेक मापे वावरतात. ट्रायल्स सायकलच्या पुढच्या चाकाच्या रिमचे माप ४०६ मिलिमीटर. ते टायर झंडेवालानच्या सायकल बाजारात मिळावे. मागचे चाक नावाला २० इंची, प्रत्यक्षात त्याची रिम १९ इंची, म्हणजे ३८७ मिलिमीटरची आणि टायर अडीच इंच रुंद. ते साध्या दुकानात मागितले तर दुकानदार मुलांच्या सायकलचे टायर काढून देईल आणि ते बसणार नाही. २४ इंचीचे माप ५०७, २६ इंचीचे ५५९. ही मापे डोंगरी सायकलींमुळे सर्वपरिचित आहेत. टायरच्या कडेवर ‘४७-४०६’ अशी जोडसंख्या छापलेली असते. त्यातील पहिला अंक रुंदीचा, दुसरा रिमचा. खरेदी या दुसऱ्या अंकावरून करावी, इंचांवरून नव्हे.

ट्रायल्स सायकल बहुधा परदेशातूनच मागवावी लागते. तेव्हा छापील किमतीत वाहतूक, आयात शुल्क आणि विनिमय दरातील फरक मिळवूनच अंदाजपत्रक आखावे. शिरस्त्राण आणि नडग्यांची संरक्षक पट्टी यांचा खर्चही त्यातच धरावा, कारण टोकदार पायडल घसरले की प्रथम नडगीच सोलते. आवर्ती ठेवीची मुदत वर्षअखेर संपत असेल तर घाई न करता तोवर थांबावे, मुलाला त्या अवधीत घरच्या जुन्या सायकलवर जागच्या जागी तोल धरण्याचा सराव करू द्यावा. तो सराव कोणत्याही चाकावर होतो. आणि मागणी नोंदवताना मागच्या चाकाचे एक जादा टायर व दोन ट्यूब त्याच खोक्यातून मागवून घ्याव्यात.