कूलंट नेमकं कुठून गळतंय?

कोलकात्याचा गार्डन रीच भाग हुगळीच्या काठावर आहे. या भागात हवा दमट असते. त्यामुळे एसी लावलेल्या गाडीखाली पाणी साचणं नेहमीचंच. ते रंगहीन आणि बिनवासाचं असेल, तर काळजी नको. डाग हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, बोटांना बुळबुळीत आणि गोडसर वासाचा असेल, तर ते कूलंट समजा.

तपासणी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं, तर दाबाखालचं उकळतं कूलंट अंगावर उडतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. द्रव ओघळत खाली येतो, म्हणून ओलाव्याचा माग वरपर्यंत काढा. रबरी पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाचं बारीक छिद्र इथे वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत थर दिसतो.

बाहेर काहीच सापडत नाही, तरी पातळी घटते? पायाखालचं कार्पेट ओलं आणि चिकट असेल, तर हीटरची जाळी गळत असू शकते. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी चालवू नका. गॅरेजमध्ये हातपंपाने दाब देऊन लपलेली गळती शोधतात.

सांडलेलं कूलंट लगेच पुसा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणं ठरू शकतं.